पहिल्या ओंजळीचं पाणी

वैशाखाची सकाळ होती आणि वारा पडला होता. शिवारात कुणीतरी तुराट्या पेटवल्या होत्या. त्यांचा धूर वर जायचं सोडून कल्लहळ्ळीच्या धाब्यांवरच बसून राहिला होता. सूर्य उगवला तोच तांबडा, रात्री झोप न झालेल्या माणसाच्या डोळ्यासारखा. असल्या दिवसांत निंबर्ग्याच्या त्या सगळ्या पट्ट्यात बायका उजाडायच्या आत पाण्याला निघतात. उशीर झाला की बारवेचं पाणी गढुळतं आणि पायऱ्यांचे दगड पाय ठेवू देत नाहीत.

सत्यभामाबाई त्यांच्याही आधी येऊन बसली होती. बारवेच्या वरच्या पायरीवर डाव्या अंगाला तिची जागा ठरलेली. मांडीवर धोतराचं दुहेरी केलेलं फडकं. बायका खाली उतरायच्या, घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून घागरीच्या बुडानं शेवाळ बाजूला सारायच्या आणि भरून वर यायच्या. वर आलं की सत्यभामाबाई दुसऱ्या, रिकाम्या घागरीच्या तोंडावर फडकं ताणून धरायची आणि भरली घागर त्यावर ओतायला लावायची. या एका गावात बाई पाण्याला निघाली की दोन घागरी घेऊन निघे. एक भरायची आणि एक अक्काची, असं म्हणत.

"हळू वत गं. फडकं बुडंल."

"हळूच वतायलेय," ईरम्मा म्हणाली. ईरम्मा म्हणजे वेशीजवळच्या तेलीणबाई, तोंडानं तिखट. "अक्का, तू उद्या चाललीस म्हणं. मग आमचं पाणी कोण गाळणार?"

"तुमचं तुम्ही गाळा."

"आमचं आम्ही म्हंजी न गाळताच की," ईरम्मा म्हणाली, आणि मागच्या दोघी-तिघी हसल्या. सत्यभामाबाईही हसली. दुसरं काय करणार?

एरवी ती बसून राहायची नाही. भरल्या घागरीला हात लावायची, पोटुशी कुणी असली तर तिची घागर स्वतः खालून आणायची. आज मात्र ती उठली नाही. डावा पाय लुगड्यात दुमडून घेतला होता, आणि लुगड्याच्या आत घोट्याला चिंधी बांधली होती. पाय पेटला होता. दोन दिवस नुसती खाज होती. डास चावला असेल, बाभळीचा काटा असेल, असं म्हणत तिनं दोन दिवस काढले. आज तोंड धुताना तांब्यातलं पाणी पायावर सांडलं तशी घोट्यावरचा फोड फुटला, ताकासारखं पांढरं पाणी आलं आणि त्यातनं दोऱ्याचं टोक दिसलं.

तिला ओळख पटायला वेळ लागला नाही. या गावात तिनं जन्मभर दुसरं पाहिलंच काय होतं? नारू. सुतासारखा किडा. बारवेच्या पाण्यात त्याची पिलं असतात, डोळ्याला न दिसणारी. ती घोटाबरोबर पोटात जातात, वर्षभर अंगात गुपचूप वाढतात आणि पुढच्या उन्हाळ्यात हात-दोन हात लांबीचा नारू पायातनं तोंड काढतो. त्याच पायानं माणूस पुन्हा बारवेत उतरला की पाण्यात नवी पिलं. एका बारीक काडीला गुंडाळत गुंडाळत तो रोज बोटभर बाहेर ओढायचा. घाई केली आणि तुटला, तर पाय सुजतो, पिकतो, कधी कधी जन्माचा आखडतो. ही सगळी कहाणी तिनं इथल्या बायकांना इतक्यांदा सांगितली होती की पोरं ती खेळात म्हणत. आणि आता तो तिच्याच घोट्यातनं डोकावत होता. गाळल्याशिवाय जिनं पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही, तिच्या.

चिंधी बांधताना तिला रडू यावं असं काही झालं नाही. राग आला, पण कुणाचा ते कळेना.

ती मूळची सातारा जिल्ह्यातली, कृष्णाकाठच्या एका शेतकरी घरातली. नवरा तापाच्या मोठ्या साथीत गेला तेव्हा ती जेमतेम कळती झालेली. माहेरी परत आली, भांडी घासली, गुरांचं केलं, आणि मग पुण्याच्या एका सेवामंडळानं बायकांना जखमा बांधायचं, बाळंतपणं करायचं शिकवायचं काढलं तेव्हा थोरल्या भावानं, हणमंतरावानं, घरात भांडून तिला तिकडं पाठवलं. सव्वीस सालच्या सुमाराला मोगलाईत, निजामाच्या मुलखात, प्लेगची साथ आली. मंडळानं चार माणसं पाठवली, त्यात ती. निघताना आई म्हणाली होती, "परमुलखात चाललीस, तिथलं पाणी पिऊ नकोस." आईनं सगळ्यांनाच सांगितलं असतं तसं ते सांगितलं होतं.

परमुलूख म्हणजे तरी काय? आगगाडीनं दिवसाचा रस्ता. पण करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं तिचं बोचकं उलटं करून झटकलं, नाणं बदललं, कचेरीतली भाषा उर्दू, दारातली कानडी आणि मराठी बोलली तरी ती अशी की पहिले आठ दिवस तिला बायकांचं निम्मं बोलणं कळलं नाही. प्लेग उतरला. बाकीचे तिघं परतले. तिनं मंडळाला सांगितलं, दोन महिने राहते, या लोकांच्या पायात काय निघतंय ते बघते. त्या दोन महिन्यांना आता बारा-तेरा वर्षं होत आली होती.

त्या वर्षांचा हिशेब कुणी मागितला असता तर तिला देता आला नसता. कधी वाटे, आपण इथल्या आहोत. कधी वाटे, आपण कुठल्याच नाही. पहिला नारू तिनं गावातल्या नागव्वा नावाच्या बाईचा काढला होता. जवळजवळ महिनाभर रोज जाऊन काडी फिरवायची. शेवटचं टोक सुटलं त्या दिवशी नागव्वानं तिच्या गालाला हात लावून कानडीत काहीतरी म्हटलं, ते अजूनही तिला पुरतं कळलेलं नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. त्या दिवशी ती गावभर उडत फिरली. आणि त्याच वर्षी पोलीस पाटलानं तिला चावडीवर बसवून ठेवलं, इंग्रजी मुलखातली बाई इथं कशाला आली, कुणाची माणसं गोळा करतेय, म्हणून. तेव्हा गावातलं एक माणूस बोलायला आलं नाही. संध्याकाळी मात्र दारात तीन घरांच्या भाकरी.

एकदाच ती माहेरी गेली होती. महिनाभर राहीन म्हणून गेली आणि पंधरा दिवसांत परतली. तिथं तिनं वहिनीच्या माठावर फडकं बांधलं. वहिनीला ते लागलं, आमच्या घरच्या पाण्यात किडे आहेत का, म्हणाली. तिच्या तोंडातनं 'कामून' आणि 'जायलाय' निघाले की पोरं हसत. भाचीचं बारसं होतं, तर आईनं तिला हळूच सांगितलं, तू मागच्या दारी बस, बायका नावं ठेवतील. आई वाईट नव्हती. विधवेनं पाळण्याला हात लावायचा नसतो, एवढंच. परत आली तर नागव्वानं विचारलं, "आलीस? इतक्या लवकर?" आणि त्यात आनंद होता की नवल, तेही तिला कळलं नाही.

यंदा मात्र तिनं ठरवूनच टाकलं होतं. त्याला कारण आड.

वर्षानुवर्षं मागं लागून तिनं मंडळाकडनं पैका आणला होता आणि बारवेपासून थोड्या अंतरावर आड खणून घेतला होता. पायऱ्या नाहीत, कमरेएवढा कठडा, रहाट, दोर. पाण्यात पाय घालायची सोयच नाही, म्हणजे नारूची वाटच बंद. पाणी लागलं तेव्हा गावानं नारळ फोडला, गूळ वाटला. महिन्याभरात आडाचा दोर वाळून कडक झाला. बायका पुन्हा बारवेवर. आणि एका तिन्हीसांजेला तिनं खुद्द नागव्वाला पदराखाली घागर लपवून बारवेवरून येताना पाहिलं.

"नागव्वा, तू पण?"

"डाळ शिजत न्हाई यव्वा त्या पाण्यात," नागव्वा म्हणाली. "माझ्या म्हाताऱ्याला दात न्हाईत. त्यानं काय गोटं गिळायचं?"

दुसऱ्या दिवशी आडाचं पाणी आणून सत्यभामाबाईनं स्वतः तुरीची डाळ चुलीवर चढवली. दुपार गेली. जळण संपलं, शेजारनं मागून आणलं. दिवेलागणीला पळीनं डाळ दाबून पाहिली तर टणक. पाणी सवळ होतं, क्षाराचं. गाव बरोबर होतं आणि ती चूक होती. म्हणजे नारूच्या बाबतीत ती बरोबर होती आणि डाळीच्या बाबतीत गाव बरोबर होतं, आणि दोन्ही एकाच पाण्यात बसत नव्हतं. ती कच्ची डाळ तिनं तशीच खाल्ली. त्या आठवड्यात गाणगापूरला पौर्णिमेला गेली असता माहेरकडचा एक यात्रेकरू भेटला, त्याच्याकडं तिनं भावाला निरोप धाडला: मी येते, न्यायला ये.

आणि आज तो येणार होता. उद्या पहाटे निघायचं. बोचकं बांधून खोपटात ठेवलेलं होतं.

गाडीची घुंगरं वाजली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि सत्यभामाबाई खोपटात परतली होती. नागव्वाचा मुलगा जगदेवप्पा आपली गाडी घेऊन गाणगापूर रोडच्या स्टेशनाला गेला होता, त्यानं हणमंतरावाला आणलं. हणमंतराव आता जाड झाला होता, मिशा पांढऱ्या. उतरताना त्यानं गाडीचं जू धरलं, आणि बहिणीकडं बघून म्हणाला, "वाळलीस गं सत्ये."

"तू सुटलास दादा."

"आई म्हणाली, आली तर बरं होईल," तो म्हणाला. "डोळ्याला दिसत न्हाय आता तिला. हातानं चाचपून बघती माणूस. म्हणाली, सत्यभामाचा हात मला कळंल. आणि न आली तर मी काय म्हणणार, असंबी म्हणाली. मी म्हणलं, अगं तिनं निरोप धाडलाय, येणार म्हणून. तर म्हणती, बघू."

सत्यभामाबाई त्याला पाणी द्यायला उठली. एक पाऊल टाकलं आणि चिंधी सुटली.

दारातनं नागव्वा आत येत होती. तिनं आधी पाय पाहिला, मग तोंड पाहिलं. मग खाली बसली, सत्यभामाबाईचा पाय धरून मांडीवर घेतला आणि टोक बघितलं.

"थांब थांब. हलू नको."

"नागव्वा, सोड. मी बघते माझं."

"तू काय बघतीस? आपला आपण काढता येत न्हाई, तूच सांगत व्हतीस." आणि नागव्वा हसायला लागली. आधी गालात, मग खांदे हलवून, आणि मग दाराकडं तोंड करून तिनं सुनेला हाक मारली, "महानंदा, ये. अक्काला नारू निघालाय."

गाव लहान. घटकाभरात खोपटापुढं बायका जमल्या. कुणी कांदा ठेचून आणला, कुणी हिंग, कुणी धोत्र्याचा पाला. ज्यांच्या पायातले नारू तिनं काढले होते त्या सगळ्या आता तिच्या पायाला नाक लावून बघत होत्या. ईरम्मा म्हणाली, "आमचं पाणी गाळता गाळता फडक्याला भोक पडलं की काय अक्काच्या?" हसू झालं. पण त्या हसण्यात खोडी नव्हती, हेच सत्यभामाबाईला सोसेना. त्या खूश होत्या. तिला नारू निघाला म्हणून त्या मनापासून खूश होत्या, आणि एकीनं तिच्यासाठी उंबऱ्यावर शुभाचं म्हणून हळदीचं बोटही ओढलं.

"एवढी वर्सं पावणी व्हतीस," नागव्वा म्हणाली. "पावण्याला नारू निघत न्हाई. आता गावाची झालीस."

बारा-तेरा वर्षं ज्या एका वाक्यासाठी ती या मातीत बसली होती, ते असं आलं. घोट्यातल्या किड्याबरोबर. तिला आनंद झाला का? झाला. आणि लाज वाटली. आणि दोन्हीच्या मधे कुठंतरी, दीड वर्ष खपून बांधलेल्या आडाचा तो वाळका दोर दिसत राहिला.

हणमंतराव कोपऱ्यात अवघडून बसला होता. त्याला बायकांचं बोलणं निम्मं कळत होतं. जेवढं कळलं तेवढ्यानं त्याचं डोकं तापलं.

"एवढी वर्षं हिनं तुमचं केलं," तो नागव्वाला म्हणाला, "त्याचं हे फळ दिलंत व्हय हिला?"

"आमी दिलं न्हाई बाबा," नागव्वा शांतपणे म्हणाली. "तिनं घेतलं."

आणि तेवढ्यानं महानंदाचा चेहरा उतरला. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कडेवर वर्षाचं पोर. सत्यभामाबाईनं तिच्याकडं पाहिलं आणि तिला सगळं आठवलं. खरं तर ते सकाळपासून आठवत होतं. तिनं पुढं येऊ दिलं नव्हतं.

मागचा वैशाख. महानंदाची तीन पोरं पोटातच गेलेली. चौथ्या वेळी सत्यभामाबाई तिच्या उशापायथ्याशी बसून होती, आणि पोर जगलं, रडलं. मग बाळंतिणीची गंगापूजा आली. इथल्या लिंगायत घरांतली रीत अशी की बाळंतीण पहिल्यांदा बारवेवर जाते, पाण्याची पूजा करते, स्वतः घागर भरते आणि त्या घागरीतली पहिली ओंजळ सुईणीला पाजते. ते पाणी गाळायचं नाही. गंगेला फडकं लावलं तर ती रुसते. सत्यभामाबाई बाजूला उभी होती, मागं, जशी ती माहेरी मागच्या दारी उभी राही तशी. नागव्वानं तिला पुढं ओढलं.

"मी विधवा आहे," ती पुटपुटली होती.

"आमच्यात पाण्याला इधवा-बिधवा बघत न्हाईत," नागव्वा म्हणाली होती. "वंजळ धर."

महानंदानं घागर कलती केली. थंड पाणी हातात आलं. खांद्यावर फडकं होतं, तिच्याच खांद्यावर, दुहेरी, धुतलेलं. ते तिला आठवत होतं, त्याची ओली कड मानेला लागत होती. एवढ्या बायकांत कुणीतरी सगळ्यांत आधी तिला बोलावलं होतं. ती प्यायली. पाणी गोड होतं. त्या पाण्यात डाळ चांगली शिजत असणार.

"अक्का," महानंदा आता दारातनं म्हणाली, "माझ्या घागरीतनंच गेला न्हवं त्यो?"

सत्यभामाबाईनं नाही म्हणून मान हलवली.

"कुठलं पाणी कुणाला ठाऊक बाई. गाणगापूरला यात्रेत पिते, शेतात पिते. तुझ्याच घागरीला काय नारूनं सांगून ठेवलं होतं?"

महानंदानं ऐकलं, पण तिचा चेहरा मोकळा झाला नाही. पोर मात्र कडेवरून उतरून सत्यभामाबाईच्या बोचक्यावर चढायला लागलं.

प्रश्न आता एकच होता आणि तो सगळ्यांना कळत होता: ही जाणार कशी? पाय जमिनीला लावायचा नाही, रोज काडी फिरवायची, गाडीच्या हिसक्यानं नारू तुटला तर पाय गेला. ईरम्मा म्हणाली, राहू दे की मग, नारू निघंपातूर. दुसरी म्हणाली, देवानंच अडवलं. आपल्याला हायसं वाटतंय की छातीवर धोंडा आलाय, हे सत्यभामाबाई आत बघत होती आणि तिला दोन्ही दिसत होतं. आपण जायला निघालो होतो ना? मग जाता येत नाही म्हटल्यावर जे वाटलं ते काय होतं?

पण नागव्वानं तेही राहू दिलं नाही.

"तिची आई हाय," ती बायकांना म्हणाली. "आंधळी झालीय म्हातारी. तिला हात लावून बघायचंय. आपण काय नारूच्या नावानं हिला बांधून ठेवायचं?" मग हणमंतरावाकडं वळून, "गाडीत कडबा भरा, वर गादी. पाय उंच ठिवून निजूदे. मी आता काडीला बांधून देते घट्ट. उद्या कामून? आजच निघा, ऊन उतरलं की. रातची गाडी गावंल. तिथं गेल्यावर तिची तिला सांगता येतंय की दुसऱ्याला, कसं फिरवायचं."

जगदेवप्पानं गाडीत कडबा भरला. महानंदानं घरातली गोधडी आणून वर अंथरली. नागव्वानं ज्वारीच्या धांड्याची बारीक काडी सोलून घेतली, टोक तिच्यावर वळवलं, बोटाच्या पेराएवढं, आणि वर कापूस ठेवून चिंधी बांधली. तिचे हात सराईत होते, सत्यभामाबाईनंच शिकवलेले. पण तिच्या लक्षात आलं, आपण ज्याचा पाय धरतो त्याला कसं वाटतं हे आपल्याला आजवर माहीतच नव्हतं. पाय आपला असूनही आपला नसतो. उठून जाता येत नाही. समोरच्यानं जेवढं दिलं तेवढं घ्यावं लागतं.

"दुखतंय?"

"न्हाई."

"खोटं बोलायलीस."

"व्हय."

हणमंतराव आणि जगदेवप्पानं तिला दोन्हीकडनं धरून गाडीत बसवलं. बोचकं उशाशी आलं. बायका भोवती. कुणी शेंगा बांधून दिल्या, कुणी खारकांचा पुडा. तिनं एकेकीचा हात हातात घेतला, आणि तिला वाटलं, चला, असं झालं तर असं; निदान कुणीतरी आपल्याला निरोप द्यायला आलं. बैल जुंपले.

हणमंतराव पुढं चढून बसला. बहिणीच्या तोंडाकडं बघून त्याला दया आली असावी. मागं वळून, तिच्या पायावरनं हात फिरवत, तो अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "आग होतीय न्हवं? घरी पोचूदे. मळ्यातल्या इहिरीवर नेतो तुला. आठवतंय, खालच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसायचीस ती? बसून रहा दिवसभर. गारगार वाटंल."

गाडी हलली होती. वेशीपर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

"दादा," सत्यभामाबाई म्हणाली, "गाडी थांबव."

"काय राहिलं?"

"मळ्यातल्या विहिरीला पायऱ्या हायत."

"हायत की. आजानं बांधल्या."

"तू त्याच पायऱ्या उतरून पाणी पितोस. आई पिते. पोरं पोहतात." ती बोलत होती आणि बोलता बोलता तिला ते दिसत होतं: आगीनं हैराण झालेली ती, कुणी बघत नाही असं पाहून पायरीवर जाऊन बसलेली, किंवा वहिनीनं तिच्या पायावर ओतलेलं पाणी मोरीतनं वाहत पाटाला, पाटातनं विहिरीला. आणि पुढच्या वैशाखात भाचीच्या पायातनं दोरा. "आपल्या गावात नारू न्हाई, दादा. एकाच्या पायात न्हाई. मी घेऊन जाऊ का?"

हणमंतराव शेतकरी होता. पाणी कुठून कुठं जातं हे त्याला कळत होतं.

"मग इहिरीवर नगंस जाऊ," तो म्हणाला. "माजघरात बस. पाणी आम्ही उकिरड्यावर टाकू."

त्याचं बरोबर होतं. तसं करता आलं असतं. काळजी घेतली असती तर काही झालं नसतं. ती स्वतःच इथल्या बायकांना सांगत असे, नारूच्या पायाचं पाणी तापल्या मातीत ओता, संपलं. मग आपल्याला उतरायचं कामून आहे? कारण खरं होतं. कुणी देवापुढं उभं करून विचारलं असतं तरी खरं होतं. पण ते इतक्या चटकन हाताला कसं लागलं, आणि लागल्याबरोबर जीव इतका हलका कसा झाला, आणि हलका झालेला जीव पुन्हा आईच्या चाचपणाऱ्या हाताशी जाऊन जड कामून झाला, यातलं काहीच तिला उलगडेना.

"मी न्हाई येत," ती म्हणाली. "नारू निघूदे."

"आईला काय सांगू?"

"सांग, पायात काटा मोडलाय."

"ती म्हणंल, बघू," हणमंतराव म्हणाला, आणि स्वतःच कसनुसा हसला. मग मिशीवरनं हात फिरवून, "निघाला की निरोप धाड. मी येतो परत."

"धाडते."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. धाडशील का, असं त्यानं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही, कारण तिला माहीत नव्हतं.

तिला पुन्हा दोघांनी धरून उतरवलं. बोचकं उतरवलं. शेंगा आणि खारका तिनं भावाकडंच दिल्या, आईला दे म्हणून. गाडी वेशीबाहेर गेली, घुंगरांचा आवाज कमी होत होत धुरात मिसळला. बायका एव्हाना पांगल्या होत्या. कुणाच्या चुली पेटायच्या होत्या, कुणाची गुरं यायची होती. जेवढ्या हौसेनं त्या निरोपाला जमल्या होत्या तेवढ्याच सहज त्या घरी गेल्या. राहिली म्हणून कुणी हळदीचं बोट ओढलं नाही. गावचं माणूस गावात राहिलं, त्यात काय.

दिवस कलला तशी संध्याकाळच्या पाण्याची वेळ झाली. सत्यभामाबाई काठी टेकत, एका पायावर लंगडत बारवेवर गेली. आपल्या नेहमीच्या पायरीवर मात्र बसली नाही. पायरीपासून दोन हात मागं, कोरड्या दगडावर बसली, पाय पाण्याकडं नाही तर गावाकडं पसरून. आता बारवेला भीती होती ती तिच्याच पायाची.

नागव्वा खालून वर आली. तिची एक घागर भरलेली, एक रिकामी. रिकामी तिनं सत्यभामाबाईपुढं ठेवली आणि धाप टाकत उभी राहिली.

"आडाचं पाणी गुरांना चालंल की," ती म्हणाली. "जगदेवप्पाला म्हणलंय मी, उद्यापासनं बैलं आडावर ने. बैलं काय डाळ शिजवत न्हाईत."

सत्यभामाबाईनं वर पाहिलं. हे तिच्यासाठी म्हटलं होतं, की बैलांसाठी, की नुसतंच? विचारावं का? नागव्वाच्या तोंडावर काहीच नव्हतं, कपाळावरच्या भस्मात घाम उतरत होता.

"धर," नागव्वा म्हणाली. "हात अवघडले माझे."

सत्यभामाबाईनं खांद्यावरचं फडकं काढलं, दुहेरी केलं आणि घागरीच्या तोंडावर टाकलं. नागव्वानं भरली घागर उचलली, पण ओतली नाही.

"ताण की जरा. झोळ पडलाय."

तिनं कडा मुठीत धरून फडकं ताणलं.